मल्टी ऑर्गन फेल्युअर म्हंजे नक्की काय, आणि त्यातून माणूस घरी कसा येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. काका, वय ५४, रायगडात भातशेती. जुलैत लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या भयंकर दुखत होत्या, चार दिवसांनी डोळे पिवळे, लघवी जवळजवळ बंद. आयसीयूत ठेवलं, काही वेळा डायलिसिस झालं, तीन आठवड्यांनी काका स्वतःच्या पायाने घरी आले. डिस्चार्ज पेपरवर लिहिलंय "लेप्टोस्पायरोसिस, सेप्सिस विथ मॉड्स, एकेआय, रिकव्हर्ड" (लेप्टो म्हंजे उंदरांच्या लघवीने दूषित चिखलपाण्यातून होणारा जंतूंचा ताप, सेप्सिस म्हंजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडणं, एकेआय म्हंजे किडनीला अचानक झालेली इजा). पुतण्याने शोधलं तर मॉड्स म्हंजे मल्टी ऑर्गन फेल्युअर असं निघालं, आणि हा शब्द तर आपण माणूस गेल्यावरच पेपरात वाचतो. मग काका बरे कसे झाले, की हॉस्पिटलने बिल वाढवायला मोठं नाव लिहिलं, आणि क्रिटिकल इलनेस पॉलिसीत "किडनी फेल्युअर" कव्हर आहे तर क्लेम मिळेल का?

बिलासाठी लिहिलेलं नाही, हे आधी सांगून टाकते. पाठवलेल्या पेपरांत जे आकडे आहेत त्यावर दुसरं काही लिहिणंच चूक ठरलं असतं. मी आयसीयूत काम करते आणि आमच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सगळ्यात जास्त हादरवणारा शब्द हाच आहे, कॅन्सरपेक्षाही जास्त, कारण कॅन्सर म्हटलं की लोक निदान पुढे काय करायचं ते विचारतात आणि मल्टी ऑर्गन म्हटलं की गावाला फोन लावतात.

तर, मल्टी ऑर्गन फेल्युअर हा आजार नाहीये. ही अवस्था आहे, कुठल्यातरी दुसऱ्याच आजाराने शरीर जिथे येऊन पोचलंय ती जागा. मूळ आजार काहीही असू शकतो: लेप्टो, डेंगी, मेंदूचा मलेरिया, विदर्भात स्क्रब टायफस, साधा वाटलेला न्यूमोनिया, पोटात फुटलेलं अपेंडिक्स, दारूने सुजलेलं पॅन्क्रियाज, घोणस चावणं, फवारणीचं औषध पोटात जाणं, मे महिन्यातला उष्माघात, बाळंतपणात खूप रक्त जाणं. या सगळ्यांच्या पेपरवर शेवटी मॉड्स हीच चार इंग्रजी अक्षरं येऊ शकतात आणि तरी यातले एक पेशंट आठवड्याभरात उठून बसतो, दुसरा महिनाभर झुंजतो आणि तिसऱ्याच्या बाबतीत पहिल्या दिवशीच आम्हाला कळलेलं असतं की अवघड आहे. त्यामुळे नुसतं "मल्टी ऑर्गन झालंय" यातून नातेवाइकांना काहीच कळत नाही. कशामुळे झालंय हे विचारलंच पाहिजे.

लतादीदी गेल्या तेव्हा, ६ फेब्रुवारी २०२२ ला, ब्रीच कँडीच्या डॉक्टरांनी कोविडनंतर मल्टी ऑर्गन फेल्युअर असं कारण सांगितलं होतं आणि दिवसभर सगळ्या चॅनलवर तेच चालू होतं. वय ९२, आधी कोविड आणि न्यूमोनिया, चार आठवडे हॉस्पिटलात. आता हाच शब्द ५४ वर्षांच्या, आयुष्यभर चिखलात राबलेल्या, आधी कुठलाही आजार नसलेल्या माणसाला लागला की अर्थ केवढा बदलतो बघा. बातमी शेवट झाल्यावर येते म्हणून आपल्याला हा शब्द शेवटाचाच वाटतो, घरी गेलेल्यांची बातमी कोण छापणार.

शब्द तसा जुना पण नाही. आधीच्या काळात व्हेंटिलेटर, डायलिसिस काही नव्हतं तेव्हा पहिला अवयव बंद पडला की माणूस जायचा, दुसऱ्या तिसऱ्याची पाळीच यायची नाही. आयसीयू आले आणि मग डॉक्टरांना दिसायला लागलं की एक अवयव सांभाळला तर दुसरा कुरकुरतोय. १९७३ मधे बोस्टनच्या सर्जन लोकांनी पोटातली मोठी धमनी फुटलेल्या पेशंटबद्दल लिहिलं की ऑपरेशन नीट होतंय आणि नंतर काही दिवसांनी किडनी, फुप्फुस, लिव्हर असे एकामागोमाग एक बंद पडतायत. मग बरीच वर्षं फेल्युअर हाच शब्द चालला. १९९१ मधे अमेरिकेत छातीच्या आणि क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांची एक बैठक झाली, ते पुढच्या वर्षी छापून आलं, त्यात त्यांनी फेल्युअर काढून डिसफंक्शन घातलं, त्याचंच मॉड्स. कारण साधं होतं, फेल म्हटलं की पास किंवा नापास एवढंच राहतं आणि अवयव तसे वागत नाहीत, थोडे बिघडतात, जास्त बिघडतात, परत सुधारतात. कागदावर आम्ही मॉड्स लिहितो आणि तोंडाने अजून फेल्युअरच म्हणतो, त्यामुळे सुधारणा झाली ती कागदापुरतीच.

आता किती बिघडलंय हे मोजतात कसं. त्यासाठी सोफा स्कोअर म्हणून एक प्रकार आहे (हो, बसायचाच सोफा, नवीन नर्स मुलींना लक्षात ठेवायला सोपं जातं). सहा गोष्टी बघतात. फुप्फुस किती ऑक्सिजन रक्तात पोचवतंय, प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) किती, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) किती, बीपी औषधाशिवाय टिकतंय का, पेशंट शुद्धीत किती, आणि क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढतं ते) व लघवी किती. प्रत्येकाला शून्य ते चार, म्हंजे जास्तीत जास्त २४. काकांचं सगळ्यात वाईट दिवसाचं पान बघितलं तर प्लेटलेट ४२,००० म्हणून ३, बिलिरुबिन ९ म्हणून ३, क्रिएटिनिन ४.२ म्हणून ३, बीपीसाठी नॉरॲड्रिनलिन कमी डोसवर चालू होतं त्याचे ३, आणि थोडा ऑक्सिजन लागत होता त्याचा १. शुद्ध पूर्ण होती. म्हंजे १३. हा आकडा कुठल्याही आयसीयूत गंभीरच धरतात, आणि इन्फेक्शनमुळे हा स्कोअर नेहमीपेक्षा २ ने जरी वाढला तरी २०१६ च्या व्याख्येप्रमाणे त्याला सेप्सिस म्हणतात. काकांचे १३ होते, तेव्हा मोठं नाव का लिहिलं हा प्रश्न इथेच संपतो.

पण १३ असून मी त्या पेशंटच्या घरच्यांना आशा दिली असती, आणि ती का ते सांगते कारण गंमत इथेच आहे. लेप्टोमधे कावीळ दिसायला भयानक असते, माणूस हळदीसारखा पिवळा होतो, पण लिव्हरच्या पेशी फारशा मेलेल्या नसतात, एसजीओटी एसजीपीटी बघितलं तर थोडंसंच वाढलेलं असतं. हिपॅटायटिसमधे किंवा रॅटोलच्या पेस्टने लिव्हर जातं तेव्हा उलटं चित्र असतं. म्हणजे सोफावर दोघांनाही बिलिरुबिनचे तेच मार्क मिळतील आणि एकाचं लिव्हर आपोआप धुतलं जाईल तर दुसऱ्याला ट्रान्सप्लांटचा विचार करावा लागेल. किडनीचंही तसंच, लेप्टोने बंद पडलेली किडनी वेळेवर डायलिसिस आणि पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्झोन मिळालं तर बहुतेकदा काही आठवड्यांत पूर्ववत होते. लेप्टोत आम्ही घाबरतो ते फुप्फुसातल्या रक्तस्रावाला. खोकल्यातून लाल पडलं आणि ऑक्सिजन झपाझप उतरला की सगळं गणित बदलतं, मग बिलिरुबिनकडे कोणी बघत पण नाही. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला या आजाराचं नाव कळलं, कोकणात तर लावणीच्या दिवसांत दरवर्षी असतोच.

एक अवयव बंद पडला की बाकीचे का पडतात, हे पण लोक विचारतात. जंतू प्रत्येक अवयवात जाऊन बसतात असं नसतं बरेचदा. शरीर जंतूंशी लढायला जे काही सोडतं त्यानेच रक्तवाहिन्यांचं अस्तर गळकं होतं, पाणी बाहेर झिरपतं म्हणून पेशंट सुजतो आणि तरी बीपी खाली जातं, बारीक वाहिन्यांमधे गुठळ्या होतात, आणि पेशीपर्यंत ऑक्सिजन पोचला तरी पेशी तो वापरत नाही. पण सेप्सिसने गेलेल्या लोकांचे अवयव मायक्रोस्कोपखाली बघितले तर त्यात मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा खूप कमी सापडतात. किडनी पूर्ण बंद होती आणि पेशी मात्र बऱ्याच शाबूत! म्हणून आता असं मानतात की संकटात पेशी स्वतःच काम थांबवते, लोडशेडिंगसारखं समजा, जिवंत राहण्यापुरती वीज ठेवायची आणि बाकी बंद. मूळ आजार आटोक्यात आला की हळूहळू परत काम सुरू. व्हेंटिलेटर, डायलिसिस, बीपीचं औषध यातलं काहीच आजार बरा करत नाही, त्या मधल्या दिवसांत शरीराला धरून ठेवतं एवढंच. बरं करतं ते अँटिबायोटिक, साचलेला पू काढणं, अँटिव्हेनम आणि वेळ. मूळ कारणावर इलाजच नसेल, म्हंजे उदाहरणार्थ पॅराक्वाट हे तणनाशक प्यायलेला पेशंट, तर आधार कितीही द्या, उपयोग फार थोडा.

सकाळच्या राउंडला आम्ही काय बघतो ते सांगते, म्हणजे तुम्हाला बाहेर बसून काय विचारायचं ते कळेल. पेशंटच्या पायाशी तासातासाचा चार्ट असतो. लघवीच्या पिशवीला एक छोटा मोजणीचा डबा असतो, नर्स दर तासाला वाकून आकडा वाचते आणि लिहिते. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली तरी हवी. रात्री दहाला ५, अकराला ५, बाराला १०, आणि पहाटे चारला एकदम ४० लिहिलेलं दिसलं की क्रिएटिनिनचा रिपोर्ट यायच्या आधीच आमचे चेहरे बदलतात. क्रिएटिनिन मागून येतं, कधी दोन दिवस वरच राहतं, आणि नातेवाईक मोबाईलवर रिपोर्ट बघून रडत बसतात की अजून वाढलंय, तेव्हा आत पेशंट सुधारायला लागलेला असतो. दुसरं बघतो ते सिरिंज पंप. नॉरॲड काल ताशी १२ मिलीने चालू होतं, आज ५ वर आहे आणि सरासरी बीपी ६५ च्या वर टिकून आहे, तर बाकी काहीही असो, आजचा दिवस चांगला. ऑक्सिजन किती टक्क्यावर आहे, हाक मारल्यावर डोळे उघडतो का. झालं.

तर बाहेर आल्यावर डॉक्टरला "किती टक्के चान्स आहे" विचारू नका, टक्का कोणीच खरा सांगू शकत नाही, सांगितला तर तुमचं समाधान करायला सांगितलेला असतो. त्याऐवजी विचारा की किती अवयवांना आधार लागतोय, कालच्यापेक्षा आधार वाढलाय की कमी झालाय, आणि मूळ कारण सापडलंय का आणि त्यावर उपचार चालू आहेत का. पहिल्या दोन दिवसांत स्कोअर वर जातोय की खाली येतोय यावरून आम्हालाही जास्त कळतं, पहिल्या आकड्यावरून तेवढं नाही. आणि हो, एकाच वेळी व्हेंटिलेटर, डायलिसिस, नॉरॲड असे तीन आधार, तेही रोज वाढते, वय जास्त, आधीपासून हार्ट किंवा सिरॉसिस, असं असेल तर तो शब्द खरोखर तुम्हाला वाटतो तेवढाच वाईट आहे. तेव्हा पुढे किती ओढायचं हे घरच्यांनी डॉक्टरांशी बसून बोलायला हवं, आणि डॉक्टरनेही ते टाळू नये. माझा राग आहे तो याच्या उलट प्रकारावर. मल्टी ऑर्गन ऐकलं की "घरी नेतो, शेवटचे श्वास घरात घेऊ देत" म्हणून सहीवर घेऊन जातात, आणि पेशंट असतो लेप्टो किंवा मलेरिया झालेला तीस वर्षांचा माणूस, तेही ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. पैशांची ओढाताण असते हे मला माहित आहे, त्याला नावं ठेवत नाही, पण पैसे संपले हे कारण असेल तर ते स्पष्ट बोला, सरकारी मेडिकल कॉलेजला हलवता येतं, सरकारी आरोग्य योजनेत बसवता येतं का बघता येतं. शब्दाला घाबरून नेऊ नका.

फेल हा शब्द एकेका अवयवाला लावला की अर्थ पुन्हा वेगळा होतो, त्यात पण लोक फसतात. हार्ट फेल्युअर म्हंजे हार्ट बंद पडलं असं नाही. पंप कमजोर झाला, पायाला सूज, झोपल्यावर दम लागतो, इकोमधे इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३० किंवा ३५ येतं, आणि असे पेशंट नीट गोळ्या घेऊन, मीठ सांभाळून वर्षानुवर्षं भाजी आणायला बाजारात जातात. बंद पडतं त्याला अरेस्ट म्हणतात, आणि हार्ट अटॅक हे तिसरंच, त्यात रक्तवाहिनी बंद होते. आपल्याकडे मात्र कोणीही अचानक गेला की "हार्ट फेल झालं" म्हणतात, त्यामुळे इकोच्या रिपोर्टवर हार्ट फेल्युअर वाचून घरात रडारड होते. किडनीत अचानक बंद पडलेली आणि वर्षानुवर्षं शुगर बीपीने झिजत गेलेली यात जमीन अस्मानाचा फरक आहे. पहिलीला आता एकेआय म्हणतात, म्हंजे इजा, परत येऊ शकणारी. दुसरी सीकेडी, ती परत येत नाही, फक्त सावकाश करता येते. दोघांनाही मशीन तेच लागतं म्हणून शेजारी येऊन सांगतात "एकदा डायलिसिस लागलं की कायमचं". काकांचंच उदाहरण आहे ना समोर.

आणि ब्रेन डेथ हे या सगळ्याच्या बाहेरचं प्रकरण. ते मृत्यूच आहे, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनल निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ते ठरवतं. तिथे मेंदू गेलेला असतो आणि बाकी अवयव चालू असतात, म्हणूनच अवयवदान होऊ शकतं. मॉड्समधे बरोबर उलटं, मेंदू गेलेला नसतो आणि बाकीचे अवयव बिघडलेले, त्यामुळे त्यातून गेलेल्या माणसाचे किडनी लिव्हर सहसा घेता येत नाहीत. मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल काढतात ही गोष्ट पण इथे कायम येते. व्हेंटिलेटर फक्त हवा आत ढकलतो, हृदय चालवत नाही. हृदय थांबल्यावर मॉनिटर सपाट होतो आणि काही तासांत शरीर कडक व्हायला लागतं, ते कुठलंच मशीन लपवू शकत नाही. शंका असेल तर आत जाऊन हात लावून बघायची परवानगी मागा, मिळते.

आता कागदपत्रांचं. पेशंट गेला तर हॉस्पिटल फॉर्म ४ भरतं, मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचा दाखला. त्या फॉर्मवरच छापलेलं असतं की मृत्यूला कारण झालेला आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, हार्ट फेल्युअर वगैरेसारखी मरणाची पद्धत लिहू नका. तरी घाईत कित्येक ठिकाणी नुसतं "कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट, मल्टी ऑर्गन फेल्युअर" लिहून मोकळे होतात. याने नंतर घरच्यांचे हाल होतात. शेतकऱ्याला घोणस चावली, किडनी बंद पडून आठव्या दिवशी गेला, आणि दाखल्यावर सापाचा उल्लेखच नाही, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख मिळवताना तालुक्याच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात. म्हणून कागद हातात घेताना तिथेच वाचा. वरच्या ओळीत मल्टी ऑर्गन असलं तरी हरकत नाही, पण खाली "कशामुळे" च्या ओळीत सर्पदंश, लेप्टो, जे काय असेल ते आलंच पाहिजे. नसेल तर तेव्हाच सांगा, महिन्याने बदलून घेणं फार कटकटीचं असतं. सर्पदंश, विषबाधा, अपघात यांत पोलिसांकडे नोंद आणि पोस्टमॉर्टम पण लागतं, ते नको म्हणू नका.

शेवटचा प्रश्न क्लेमचा, आणि इथे मला नाही म्हणावं लागतंय. साध्या मेडिक्लेममधे हॉस्पिटलचा खर्च मिळायला हवा, डायलिसिससकट, त्यात मॉड्स लिहिलेलं उलट मदतच करतं कारण इतके दिवस आयसीयू का लागला ते त्यातून दिसतं. पण क्रिटिकल इलनेस पॉलिसीतलं किडनी फेल्युअर वेगळं आहे. आपल्याकडे त्याची व्याख्या सगळ्या कंपन्यांना सारखीच ठरवून दिलीये: दोन्ही किडन्या कायमच्या, परत न येण्यासारख्या निकामी, आणि त्यासाठी नियमित डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांट. काकांचं क्रिएटिनिन डिस्चार्जला १.३ आहे. क्लेम टाकला तर नामंजूर होणार आणि त्यात कंपनीची चूक नसेल. पुढे कधी नवीन पॉलिसी काढताना आधीचे आजार विचारतील तेव्हा लपवू नका, पण "किडनी फेल झाली होती" असं मोघम पण लिहू नका, डिस्चार्ज पेपरवरचे शब्द उतरवा, लेप्टोने झालेली एकेआय, रिकव्हर्ड, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीतलं प्रोटीन तपासून तो रिपोर्ट सोबत जोडा. ती तपासणी काकांसाठीही हवीच आहे. तोपर्यंत अंगदुखीला डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणि कोणी दिलेली भस्मं बंद. पायात ताकद नाही, जिना चढताना दम लागतो असं म्हणत असतील तर ते इतके दिवस झोपून राहिल्याने स्नायू गेल्यामुळे असतं, त्याला काही महिने लागतात, फिजिओथेरपी चालू ठेवा. आणि पुढच्या लावणीला गमबूट, पायावर जखम असेल तर चिखलात उतरणं नको, आठवड्याची डॉक्सिसायक्लिनची गोळी लागेल का ते प्राथमिक आरोग्य केंद्रात जूनमधेच विचारून ठेवा.